जिवंत माणसाचं मयताचं कार्ड

योरीन कालेवार्टला घाणीची शिसारी लहानपणापासूनची, आणि जन्म नेमका डुकरांच्या मुलखातला. टील्ट गावाच्या पलीकडे वारा कुठूनही सुटला तरी कुणाच्या ना कुणाच्या शेडवरूनच येतो. तिच्या बापाची, डिर्कची, अशीच एक लांबलचक शेड होती. वसंतात शेतावर पातळ खत फवारलं की दोरीवरच्या चादरींनाही तो दर्प चिकटायचा. टील्टच्या शाळेत बाकावरची मुलगी काही न बोलता थोडी सरकून बसायची. योरीन दोनदा केस धुवायची, शाळेचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायची, पण ती मुलगी काही पुन्हा जवळ सरकली नाही.

त्याहून मोठी शिसारी घरात होती. जेवायच्या टेबलावर ती रोज तिच्यासमोर येऊन बसायची. मॉरिट्स हा बापाचा थोरला भाऊ. घरात सगळे त्याला नोंकल, म्हणजे काका, म्हणत. लग्न केलं नाही, सारा जन्म डुकरांत आणि सिगारेटींत घालवला. योरीन नुकती शाळेत जायला लागली तेव्हा त्याच्या गळ्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि गळ्याच्या खाली श्वासापुरतं एक भोक ठेवलं. तेव्हापासून तो श्वास घ्यायचा त्यातून आणि खोकायचाही त्यातूनच. बोलायचं झालं की बॅटरीएवढं यंत्र गळ्याला टेकवायचा, मग बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आवाज यायचा. भोकावर कायम निळा सुती रुमाल असे. सूप पिता पिता खोकला आला की रुमालाखाली काहीतरी भिजकट फुरफुरायचं, आणि तो रुमालाआड हात घालून ते पुसायचा. योरीन आपली बशी हळूच बाजूला ओढायची. त्याला ते दिसायचं. पुढच्या वेळी खोकला आला की तो तोंड भिंतीकडे फिरवायचा, एवढंच.

तो रुमाल त्याने कधी कुणापुढे सोडला नाही. चर्चमध्ये नाही, कॅफेतल्या पत्त्यांच्या टेबलावर नाही, न्हाव्याकडेही नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं की रुमालाखाली काय आहे. पाहिलेलं मात्र कुणी नव्हतं. आजारपणातून मॉरिट्सने स्वतःसाठी एवढीच एक गोष्ट राखून ठेवली होती.

योरीनने गेंटच्या एका कला अकादमीत ग्राफिक डिझाइन घेतलं, त्याचं कारण घरात कुणाला सांगितलं नाही. कागदाला वास नसतो, असं तिला वाटायचं. पांढरा कागद, काळी अक्षरं, सभोवती मोकळी जागा. शहरात तिने एक खोली घेतली, आणि इतर मुलांसारखी दर शुक्रवारी धुण्याची पिशवी घेऊन घरी यायची, रविवारी संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घेऊन परत जायची. ते कपडे गेंटमध्ये ती पुन्हा एकदा धुवायची.

पहिल्या वर्षीचं पहिलं काम होतं अक्षरमाला. योरीनने पट्टी-कंपास घेऊन बारीक, नेटकी अक्षरं काढली. त्यांचे शिक्षक वानेस टेर्लिंक. मुलं त्यांना नावानेच हाक मारत. ते भिंतीसमोर उभे राहिले आणि जांभई आवरत म्हणाले, "स्वच्छ आहे. दवाखान्यासारखं. तुझे वडील काय करतात?"

"डुकरं पाळतात."

वानेसची जांभई कुठल्या कुठे गेली. "मग ती कुठायत?"

पुढच्या शुक्रवारी तिने बापाकडून डुकरांच्या कानातले जुने पिवळे बिल्ले मागून घेतले. कत्तलखान्यातून परत आलेले, काहींना केस आणि वाळकं रक्त चिकटलेलं. ते उकळत्या पाण्यात टाकताना तिला दोनदा ओकारी आली. त्या बिल्ल्यांची अक्षरं मांडली आणि तिला वर्गातले सगळ्यात जास्त गुण मिळाले. गेंटच्या डॉक्टर-वकिलांची मुलं भिंतीजवळ येऊन वाकून वाकून बघत होती. "ए, हे खरं रक्त आहे? काय भारी," असं म्हणत होती. ज्या गोष्टीपायी तिच्याजवळून लोक सरकले, तीच बघायला आता लोक जवळ येत होते. योरीनला आनंद व्हायला हवा होता. तिला हात धुवावेसे वाटले.

दुसऱ्या वर्षी वेष्टनाचं काम आलं. तिने खताच्या टाकीतला वास अत्तराच्या बाटल्यांत बंद केला आणि वर सोनेरी रेघेचं नाजूक लेबल लावलं. मुलांनी बुचं काढून वास घेतला, "ईऽ" करून किंचाळली, आणि पुन्हा घेतला. वानेस म्हणाले, "तुझ्याकडे खाण आहे खाण. खणत राहा."

ती खणत राहिली. घरी गेली की आता ती नुसती नाक मुरडत नसे. मुरडता मुरडता यातलं काय नेता येईल तेही बघायची. बापाचे गमबूट, आईचा डागाळलेला ॲप्रन. स्वतःची ही नजर तिला खताच्या वासाहून घाण वाटायची, पण गुण चांगले मिळत होते.

तिसरं वर्ष शेवटचं. काम होतं, रोज हातात येणारा छापील कागद घेऊन त्याला नवं रूप द्यायचं. योरीनने मयताचं कार्ड निवडलं. गावाकडे माणूस गेला की चर्चमध्ये त्याचं कार्ड वाटतात, एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला चार ओळी. जो तो एक घेतो, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी दोन-चार जास्तीची घेतो, आणि ती प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवतो. कार्ड हातात पडलं म्हणजे माणूस गेला. वर्तमानपत्रात काय आलंय ते कुणी बघत बसत नाही.

"पण एखाद्या जिवंत माणसाचं कर," वानेस म्हणाले. "मेलेल्यांची तर सगळेच करतात."

मॉरिट्स स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. तिने विचारलं तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि यंत्र गळ्याला लावलं.

"मी कधी मेलो?"

"शाळेचं काम आहे, नोंकल. खोटं-खोटं."

"फुकट करणार का?"

"फुकट."

"मग खऱ्या वेळेचा खर्च वाचला," तो म्हणाला आणि निःशब्द हसला. मग पुन्हा यंत्र लावलं. "रुमाल राहील."

"राहील, नोंकल."

"ती जागा बघणार मी, डॉक्टर आणि पुरणारा. चौथं कुणी नाही."

"चौथं कुणी नाही," योरीन म्हणाली.

त्याने रविवारचा सदरा घातला, रुमालाला नवी गाठ मारली आणि खिडकीपाशी ताठ बसला. फोटो चांगला आला. त्याच्याकडे इतकं टक लावून तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

अकादमीत वानेसने तो फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला. मग त्यांनी रुमालावर बोट ठेवलं. "इथे तो खोटं बोलतोय. खाली काय आहे?"

योरीनने सांगितलं. सांगायला नको होतं, पण वर्गात काहीतरी आणून ठेवायची आता तिला सवयच लागली होती.

"कागदाला भोक पाड," वानेस म्हणाले. "तिथेच."

"त्यांना चालणार नाही. मी शब्द दिलाय."

"रुमाल न काढण्याचा ना? मग काढू नकोस की. त्यांच्या गळ्याला कुठे हात लावतेयस? आपण फक्त कागदाचं काम करतोय."

युक्तिवाद गुळगुळीत होता. त्यातली लबाडी योरीनला दिसत होती, आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की भोक पाडलं की काम फार चांगलं होणार. छपाईच्या खोलीत तिने हाताने दाबायचा पंच लावला आणि दाबला. निळ्या रुमालाचा एक गोल तुकडा तिच्या तळहातावर पडला. मॉरिट्सच्या गळ्यातून आता पलीकडची भिंत दिसत होती. मग तिने पुढचं कार्ड पंचाखाली सरकवलं.

मे महिन्यात अकादमीचा खुला दिवस होता. वानेसनेच कार्डांची चळत दारापाशी टेबलावर ठेवली. मयताचं कार्ड लोकांनी उचलून न्यायचं असतं, म्हणाले. योरीनने हरकत घेतली नाही. गावातलं कोण मरायला येतंय इथे, असं तिला वाटलं.

झुल्मा आली. गावातल्या चर्चची फुलं बघणारी ही बाई, नातीला कुठल्या शाळेत घालावं ते बघायला नातीसोबत आली होती. चष्मा पर्समध्ये. टेबलावर मॉरिट्सचा चेहरा, खाली जन्मतारीख, पुढे एक रेघ. रेघेपुढची जागा रिकामी होती, हे बघायची तिला गरजच वाटली नाही. मॉरिट्स ईस्टरपासून छातीच्या दुखण्याने घराबाहेर पडला नव्हता, तेव्हा गेला असणारच. तिने क्रूसाची खूण केली, आणि गावात ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी चांगली मूठभर कार्डं पर्समध्ये टाकली.

योरीन त्या शुक्रवारी धुण्याची पिशवी घेऊन घरी आली, तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर, मयताला पाठवतात त्या शेवंतीच्या कुंड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. फुलांचा आणि डुकरांचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि तो एकट्या डुकरांच्या वासापेक्षा भयंकर होता. डिर्क शेडमधल्या कपड्यांतच बसला होता. आई ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

"बेकरीवाल्याने माझ्याकडून पावाचे पैसे घेतले नाहीत," डिर्क म्हणाला. "म्हणाला, 'भाऊ गेला, आज राहू दे.' कॅफेतल्या त्याच्या पत्त्यांच्या मित्रांनी पुष्पचक्र मागवलं. आणि झुल्मा दारात आली, तर दार उघडलं कुणी? नोंकलने."

"मग?"

"मग काय. ती म्हणाली, 'मॉरिट्स, तू?' तो म्हणाला, 'दुसरं कोण असणार?' तिने कार्ड दाखवलं." डिर्कने टेबलावरचं कार्ड तिच्याकडे ढकललं. "त्याने चष्मा लावून बघितलं. करंगळी भोकातून आरपार घातली. तशीच ठेवली थोडा वेळ. मग आत गेला."

"पा, मी..."

"डुकराला कापतानासुद्धा आधी बेशुद्ध करतात, योरीन."

मॉरिट्स जेवायला आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आई त्याचं ताट खोलीत नेऊन द्यायची आणि रिकामं ताट घेऊन यायची. टेबलावर फुरफुर नव्हती, भिजकट आवाज नव्हता, तो माशीसारखा सूर नव्हता. ज्या शांत जेवणाची योरीनने सगळ्या लहानपणभर वाट पाहिली होती, ते हे. तिने ताट तसंच सोडलं. ती त्याच्या दारापाशी गेली, "नोंकल" म्हणाली. आत तो खोकला. यंत्राचा आवाज आला नाही. ज्याला बोलण्यासाठी गळ्याला काहीतरी लावावं लागतं, त्याच्या न बोलण्याबद्दल शंका उरत नाही.

मग ती कार्डं परत मागायला घरोघर फिरली. लोक दारात उभे राहून तिच्याकडे बघत, आणि नजर आपोआप तिच्या गळ्याकडे जाई. झुल्माने तिला आत घेतलं, कॉफी दिली, पण कार्ड दिलं नाही.

"मयताचं कार्ड परत देत नसतात, पोरी. अपशकुन होतो."

"पण ते मेलेले नाहीत."

"आज ना उद्या मरणारच आहे की. तेव्हा लागेल." झुल्माने बशीतलं बिस्कीट तिच्याकडे सरकवलं. "मला एक सांग, ते भोक यंत्राने पाडलं की हाताने?"

"हाताने."

"वाटलंच. फार नीट पाडलंय," झुल्मा म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं.

सोमवारी योरीनने वानेसला सगळं सांगितलं, काम मागे घेते म्हणाली. वानेसचे डोळे चमकले. तिला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटेल.

"अगं, आता तर काम पूर्ण झालं," ते म्हणाले. "कार्डाने त्याचं काम केलं. गावाने माणूस मेला मानलं. याहून मोठं यश कुठलं? पुन्हा जा. त्या कुंड्यांचे फोटो काढ. झुल्माचा आवाज टेप कर. काका बोलत नाहीत, तर त्या बंद दाराचा फोटो घे."

त्यांच्या दाढीत सँडविचचा अंड्याचा कण अडकला होता, आणि बोलताना तो हलत होता. योरीनला मॉरिट्सच्या रुमालाखालच्या ओलाव्याची कधी आली नव्हती इतकी किळस त्या कणाची आली. ती वळली. भिंतीवरची कार्डं उतरवली, टेबलावरची गोळा केली आणि कागद कापायच्या मोठ्या सुरीखाली घालून त्यांचे तुकडे केले. जूनमध्ये परीक्षक आले तेव्हा तिच्या नावाची भिंत मोकळी होती. तिला नापास केलं, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा बसायला सांगितलं.

जुलैत एका दुपारी ती घरी आपल्या खोलीत बसून नुसती स्क्रीनकडे बघत होती. दार ढकलून मॉरिट्स आत आला. रुमाल नवा होता, गाठ नेहमीपेक्षा घट्ट. त्याने खुर्ची ओढली, तिच्याशेजारी बसला आणि यंत्र गळ्याला लावलं.

"आता नीट कर."

"काय, नोंकल?"

"कार्ड. गावभर ते भोकाचं गेलंय. मी मेल्यावर लोक तेच काढतील. दुसरं चांगलं हवं." त्याने खिशातून त्याच्या पत्त्यांच्या मित्राचं, गेल्या वर्षी वारलेल्या माणसाचं कार्ड काढलं. टील्टच्या छापखान्यातलं. "असं."

योरीनने ते बघितलं आणि डोळे मिटून घ्यावेसे वाटले. गुलाबी ढग, त्यातून फुटणारे किरण, कबुतरं, सोनेरी काठ, वळणावळणाची अक्षरं. तीन वर्षं जे जे वाईट म्हणून शिकली ते ते सगळं एका कागदावर दाटीवाटीने बसलं होतं.

"नोंकल, साधं, सुंदर काहीतरी करू या का? मोकळी जागा ठेवून?"

"मोकळी जागा तू ठेवलीस मागच्या वेळी," मॉरिट्स म्हणाला.

तिने ढग टाकले. त्याने अजून गुलाबी मागितले. तिने किरण टाकले. तो स्क्रीनजवळ वाकला, खोकला आला, भिंत दूर होती. रुमालाच्या कडेने एक थेंब उडाला आणि काचेवर, नेमका ढगांवर, बसला. दोघांनीही तो बघितला. तिचं अंग शहारलं, ते तिला लपवता आलं नाही. तिने बाहीने काच पुसली.

"दुसरं कबूतर कुठंय?" मॉरिट्सने विचारलं.

"एक पुरे की."

"एकटं कबूतर म्हणजे हरवलेलं वाटतं."

तिने दुसरं ठेवलं. लूर्दच्या मातेचं चित्र मागच्या बाजूला आलं. तारखेची रेघ आणि पुढची रिकामी जागा त्याने स्वतः बोट लावून तपासली. शेवटी त्याचा फोटो आला, रविवारच्या सदऱ्यातला, रुमाल अखंड, गाठ नीट. तिने त्या फोटोभोवती मऊ, धुरकट कड ओढली. ही कड वर्गात कुणी वापरली असती तर तिने हसून हसून पोट धरलं असतं. मॉरिट्सने बराच वेळ बघितलं.

"रुमाल चांगला आलाय," तो म्हणाला.

त्या रात्री तो टेबलावर आला. सूप होतं. त्याला खोकला आला, तो भिंतीकडे वळला. योरीनने बशी हलवली नाही. आवाज पूर्वीइतकाच किळसवाणा होता, तिला ओकारी आली आणि तिने ती सुपाबरोबर गिळली.

ऑगस्टमध्ये ती तेच कार्ड घेऊन गेली. दुसरं काही केलेलं नव्हतं, आणि काही करावंसंही वाटत नव्हतं. परीक्षक तिघे, त्यात वानेस. कार्ड हातोहात फिरलं. आधी एकाच्या तोंडून हसू फुटलं, मग सगळेच हसले.

"धाडस आहे हं," एक बाई म्हणाल्या. "गावठीपणाची इतकी पक्की नक्कल. ती दोन कबुतरं तर, बाप रे."

"नक्कल नाहीये," योरीन म्हणाली. "त्यांना असंच हवं होतं."

त्या बाई आणखीनच खूश झाल्या. "आणि वर ही चेहऱ्यावरची गंभीर रेघ. ही सोडू नकोस."

वानेस मान डोलावत होते. "मी म्हटलं होतं ना, तिच्याकडे खाण आहे." त्यांनी कार्ड आपल्या खिशात टाकलं. योरीनने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी त्यांना ते बाहेर काढून तिच्या हातावर ठेवावं लागलं. खिशात त्याला कॉफीचा डाग पडला होता. ती चांगल्या गुणांनी पास झाली.

घरी पोचली तेव्हा वारा शेडवरून येत होता. मॉरिट्स अंगणात खुर्ची टाकून बसला होता. तिला बघून त्याने यंत्र उचललं.

"काय म्हणाले?"

योरीनच्या तोंडापर्यंत सगळं आलं, ते हसणं, त्या बाई, तो खिसा. तोंडात वाईट चव पसरली. तिने ती गिळली.

"चांगलं आहे म्हणाले, नोंकल."

"बघ," मॉरिट्स म्हणाला. रुमालाखाली काहीतरी समाधानाने फुरफुरलं. "मी सांगत होतो ना. कबुतरं सगळ्यांना आवडतात."